टेम्पोच्या दारावरचं नाव

खंडेनवमीला गाडीची पूजा होते, दसऱ्याला बंपरवर झेंडूची माळ चढते. त्याआधी गाडी धुऊन, पत्रा ठोकून, नाव ताजं करून हवी असते. म्हणून नवरात्रात पुण्याच्या नाना पेठेतल्या रेडियमच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. संपादकांनी यंदा ‘पाटी’ हा विषय दिला, तेव्हा घरांच्या दारांवरच्या पाट्या मी बाजूला ठेवल्या. त्यांच्यावर या शहरात पुष्कळ लिहून झालं आहे. मला पाहायच्या होत्या चाकांवरच्या पाट्या. त्याहून अधिक उत्सुकता होती ती गाडीवर नाव टाकावं की टाकू नये हे माणसं कशी ठरवतात याची.

रांगेत एक नवी कोरी ईको कार्गो उभी होती. पिवळी नंबरप्लेट सोडली तर तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. मालक एसी-फ्रिज दुरुस्त करणारा, राहायला धायरीत, कामं कोथरूड-बाणेरपर्यंत. स्वतःचं दुकान नाही. बायको म्हणते, गाडी दिवसभर गावभर फिरते, नाव टाका, लोकांना कळू तरी दे. मेव्हणा म्हणतो, गाडी रात्री रस्त्यावर उभी असते, आत तांब्याच्या नळ्या, गॅसचे सिलिंडर, व्हॅक्युम पंप. वर ‘एसी रिपेअर’ लिहिणं म्हणजे चोराला आमंत्रण. तिसरी अडचण त्याने हळू आवाजात सांगितली. त्याची निम्मी कामं एका शोरूमकडून येतात, आणि शोरूमच्या गिऱ्हाइकाच्या दारात कारागिराने स्वतःच्या नावाची गाडी उभी केलेली त्यांना चालत नाही.

“काका, दहा मिनिटं थांबतो, दुसऱ्याचं घ्या,” असं तो दुकानदाराला म्हणाला आणि चहा प्यायला गेला. दुकानदाराला याचं काही नवल वाटलं नाही. नवी गाडी घेऊन येणारे निम्मे लोक असेच अडतात, असं त्याचं म्हणणं.

काचेवर देवी, दारावर धंदा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेलं की गाडीवरच्या मजकुराचा क्रम लक्षात येतो. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर कुलदैवत: एकविरा आई प्रसन्न, जय मल्हार, श्री ज्योतिबा. काचेखाली नाहीतर बंपरवर मुलांची नावं. मागे फाळक्यावर आई-वडिलांचा आशीर्वाद. देव, लेकरं आणि वडीलधारी अशी सगळ्यांची सोय लागल्यावर जी जागा उरते ती धंद्याची. बहुतेकदा ती चालकाच्या बाजूचं दार असते. त्यावर ‘भाजीपाला वाहतूक’ किंवा ‘मंडप व केटरर्स’ आणि खाली मोबाइल नंबर.

याचं कारण गाडी घरात कशी आली त्यात आहे. 2005 साली टाटांची एस आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं, आणि चार चाकी मालगाडी एकट्या माणसाच्या आवाक्यात आली. बारामतीत बनणाऱ्या पियाजिओच्या तीनचाकींनीही हेच काम केलं. तोवर ट्रक असायचा तो ट्रान्सपोर्टवाल्याचा. त्याच्यावर कंपनीचं नाव यायचं, आणि मागचा शेर ड्रायव्हरच्या आवडीचा असायचा. छोटा हत्ती कर्ज काढून, बायकोचं सोनं गहाण ठेवून घेतला गेला. तो आधी कुटुंबाचा आणि मग व्यवसायाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार 3000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे कागदांचा डोंगरही तुलनेनं कमी. दुकानाचं भाडं आणि पागडी ज्यांना कधीच परवडणार नव्हती अशा हजारो माणसांना या गाड्यांनी धंद्याची जागा दिली. त्या जागेला पाटी असावी की नसावी, हा प्रश्न म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही.

मार्केट यार्डातला एक फूलवाला सांगत होता की नाव टाकल्यापासून फोन फारसे वाढले नाहीत, पण आलेल्या फोनची जात बदलली. पूर्वी विचारणा व्हायची, “भाडं किती घेता?” आता माणूस म्हणतो, “तुमची गाडी आमच्या कार्यालयाबाहेर पाहिली होती.” म्हणजे ओळख आधीच झालेली असते. सिग्नलवर नाव वाचून लगेच फोन लावणारा विरळा. तेच नाव त्याच गल्लीत वारंवार दिसलं की गरज पडेल तेव्हा ते आठवतं. एका भागात रोज फिरणाऱ्या गाडीला नावाचा उपयोग होतो तो असा. आज सोलापूर, उद्या सुरत करणाऱ्या गाडीला तो तितका होत नाही.

अनुस्वार आधी निघतो

‘रेडियम’ हे दुकानाचं नाव झालं, पण आत जे कापतात ते विनाइल. संगणकावर कोरलड्रॉ उघडलेलं असतं, अक्षरं बहुधा श्रीलिपीची. मराठी शब्द थेट कटिंगला पाठवला तर घोटाळा होतो. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेत घुसलेली असते, आणि यंत्र आंधळेपणाने दोन्हींच्या कडा कापतं. म्हणून आधी सगळी अक्षरं ‘वेल्ड’ करून एकसंध आकार करायचा. मग प्लॉटरचं पातं सरसरत फिरतं, आणि पोरगा ब्लेडच्या टोकाने भोवतालचं नको असलेलं विनाइल सोलत बसतो. इंग्रजी शब्दाचं एकेक अक्षर सुटं असतं. मराठी शब्द शिरोरेखेमुळे अख्खा एका पट्टीत उचलता येतो, म्हणून लावायला तो सोपा.

पण त्याच शब्दाचा अनुस्वार, नुक्ता, रफार हे सुटे किंवा नाजूक तुकडे असतात. सर्व्हिस सेंटरला प्रेशरने पाणी मारलं की आधी ते निघतात. दोन पावसाळ्यांनंतर ‘प्लंबिंग’चं ‘प्लबिग’ झालेलं मी एका दारावर पाहिलं. चांगला कारागीर म्हणूनच टिंब थोडं मोठं ठेवतो आणि जमलं तर शिरोरेखेला चिकटवून घेतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तक्रारी ऐकून तो शिकतो.

लावतानाची पद्धत अशी. दार साबणाच्या पाण्याने ओलं करायचं, अक्षरं टेपवर उचलून ठेवायची, पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जायचं. वळण असेल तिथे हीट गन. सपाट दारावर काम छान बसतं. छोट्या हत्तीच्या हौद्याचा पत्रा मात्र उभ्या घड्यांचा असतो, आणि प्रत्येक घडीच्या खोबणीत विनाइल ताणून बसवलं की काही महिन्यांत ते तिथूनच उचलतं. दुकानदार हे आधी सांगतो, गिऱ्हाईक ऐकत नाही, कारण हौद्यावर जागा मोठी दिसते.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट मी तिथेच शिकलो. मागचा फाळका ही सगळ्यात मोक्याची जागा, कारण मागचा गाडीवाला सिग्नलला मिनिटभर तेच वाचत असतो. पण गाडी गिऱ्हाइकाच्या दारात थांबून माल उतरू लागला की फाळका खाली पडतो आणि नाव उलटं लटकतं किंवा दिसेनासं होतं. शेजारपाजारचे लोक नेमके तेव्हाच खिडकीतून पाहत असतात. म्हणून नंबर मागे, नाव दारावर. अक्षराच्या आकाराचा या धंद्यातला ठोकताळा असा, की दर दहा फुटांमागे एक इंच उंची हवी. देवनागरीत त्या उंचीतला वरचा-खालचा भाग वेलांटी-उकारांत जातो, मूळ अक्षराला उरतं ते कमी. म्हणजे मराठी नाव इंग्रजीपेक्षा जरा मोठंच काढायला हवं. दुकानाच्या पाटीसाठी 2022 पासून महाराष्ट्रात मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावं असा कायदा आहे. तो कायदा दुकान-आस्थापनांच्या नामफलकांसाठी आहे. तरी वाचनाच्या सोयीसाठी म्हणून गाडीवरही मी तेच सुचवीन.

स्वस्त विनाइल आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत आकसतं, कडेला चिकट काळी रेघ उमटते. छपाईतला लाल रंग सगळ्यात आधी उडतो, आणि ‘24 तास सेवा’ बहुतेकांनी लालच छापलेलं असतं.

पेंटर अजून आहेत

घड्यांच्या पत्र्यावर आजही ब्रशच चालतो. रंग खोबणीत उतरतो, उचलत नाही. सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत बॉडी-पेंटिंगचं काम करणारा पेंटर भेटला. एनॅमलचे छोटे डबे, टर्पेंटाइनच्या बाटलीत उभे ब्रश, पत्र्यावर खडूने आखलेल्या दोन रेषा. आधी शिरोरेखा ओढतो, मग तिला अक्षरं टांगत जातो. तरुणपणी तो वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायचा, कमल शेडगे यांच्या अक्षरांसाठी. शेडगे 2020 साली गेले. त्यांच्या नाटक-शीर्षकांचं वळण या माणसाच्या हातातून आजही कुठल्या तरी दूधगाडीवर उतरतं आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

त्याचं काम चालतं ते पासिंगच्या चक्रावर. वाहतुकीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पासिंगला नेण्याआधी गाडी रंगवून, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या लावून घ्यायची रीत आहे: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. त्याच वेळी नावही पुन्हा काढलं जातं. म्हणून जुन्या गाड्यांची नावं पुष्कळदा नव्यांपेक्षा ताजी दिसतात. पेंटरच्या मते खरा घोळ मजकुराचा. माणूस चिठ्ठीवर पंधरा कामं लिहून आणतो: नळ, गटार, टाकी, बोअर, मोटार, वॉटरप्रूफिंग. हा सांगतो, “भाऊ, एक काम लिहा, बाकीची फोनवर सांगा.” पेंटरचं ऐकणाऱ्यांच्या गाड्या लांबून वाचता येतात.

पांढरी प्लेट, पिवळी प्लेट

स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या धंद्याचं नाव लिहायला सहसा कुणी हरकत घेत नाही. हरकत येते ती जागेवरून. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काही चालत नाही. ‘दादा’, ‘राज’ अशी वाचता येणारी अक्षरं करून घेणाऱ्यांना कलम 177 खाली पहिल्यांदा 500 आणि पुन्हा सापडल्यास 1500 रुपये दंड आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली ती याच नियमाच्या आधारावर. मागची अख्खी काच जाहिरातीने झाकून फिरणाऱ्या व्हॅन म्हणून अडचणीत येतात. दिवे आणि रिफ्लेक्टर झाकायचे नाहीत. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राने 2015 मध्ये बंद केलं, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. पूर्ण गाडीला रॅप करून रंगच बदलला तर तो नोंदणी पुस्तकातल्या रंगाशी जुळायला हवा. त्यासाठी आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात पैसे घेऊन गाडीवर लावायची, तर तो वेगळाच व्यवहार. त्याला परवानगी आणि शुल्क लागतं.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आणि लोकांना सर्वात कमी ठाऊक असलेली गोष्ट विम्याची आहे. पांढऱ्या प्लेटच्या खासगी मोटारीवर ‘घरगुती फराळ, ऑर्डरप्रमाणे’ असा स्टिकर लावून मागच्या सीटवर डबे नेणारी कितीतरी कुटुंबं दिवाळीत दिसतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने वापर आणि मालाची वाहतूक तिच्यातून वगळलेली असते. सूट असते ती फक्त नमुने आणि वैयक्तिक सामानाला. अपघातानंतर पाहणीला आलेल्या सर्व्हेअरला दारावर धंद्याचं नाव आणि डिकीत पन्नास किलो चकली दिसली, तर तो प्रश्न विचारणारच. स्टिकरमुळे विमा रद्द होत नाही. मात्र गाडीचा वापर कशासाठी होतो हे स्टिकर जाहीर करतो, आणि तो वापर पॉलिसीत बसत नसेल तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. नुसतं सल्ला द्यायला किंवा मोजमाप घ्यायला जाणाऱ्या माणसाचं तसं नाही, त्याच्या मोटारीत माल नसतो. ज्यांना रोज माल न्यायचा आहे त्यांनी आधी गाडीची नोंदणी आणि विमा योग्य प्रकारचा करावा, आणि नावाचा विचार त्यानंतर करावा. क्रम उलटा झालेला मी जिथे तिथे पाहिला.

ज्यांनी नाव टाकलं नाही

पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्या एकाची व्हॅन मुद्दाम कोरी आहे. ढेकणांचं औषध मारायला येणाऱ्या गाडीवर तसं लिहिलेलं असेल तर सोसायटीभर बोभाटा होतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतं. त्याला काम मिळतं ते ओळखीतून. त्याच्या गाडीने गप्प राहणं हीच त्याची सेवा. सराफांच्या गाड्यांवर तर नाव नसतंच, कारण सांगायची गरज नाही.

डबे पोचवणाऱ्या एका ताईंनी स्कूटरच्या डिकीवर नाव आणि नंबर टाकला होता. रात्री-अपरात्री फोन येऊ लागले, जेवणाशी काही संबंध नसलेले. त्यांनी नंबर खरवडला, नाव ठेवलं. आता धंद्याचं सिम वेगळं आहे, संध्याकाळी सातनंतर ते मुलाकडे असतं, आणि नंबर फक्त डब्याच्या झाकणावर आहे. बाईने गाडीवर नंबर टाकावा का, या प्रश्नाला धंद्याच्या पुस्तकात उत्तर नसतं, आपल्या रस्त्यांवर मात्र ते शोधावं लागतं.

आडनावाचाही प्रश्न आहे, आणि त्यावर लोक सहज बोलत नाहीत. आपल्याकडे आडनावावरून माणसाची जात काढली जाते. एका फर्निचरच्या कारागिराने गाडीवर फक्त ‘सुबक’ असं नाव घेतलं, आडनाव कुठेच नाही. काही घरांत आडनाव कळल्यावर सूर बदलतो, हे त्याने अनुभवलेलं आहे. दुसऱ्या बाजूला आडनाव हीच पुंजी मानून ते हातभर अक्षरांत मिरवणारेही आहेत. पहिल्याला नाव लपवावं लागतं याचं दुःख मला मोठं वाटतं.

आणि हत्यारांची चोरी? मेव्हण्याचं म्हणणं खोटं नाही. पण हत्यारं असलेली गाडी चोराला ओळखू येते ती वरच्या शिडीवरून आणि आतल्या गोणपाटावरून, अक्षरांची वाट तो पाहत नाही. ज्यांची हत्यारं वाचली त्यांनी ती रोज रात्री घरात नेली होती किंवा मागे वेगळं कुलूप बसवलं होतं.

एसीवाला चहा पिऊन परत आला तेव्हा दुकानदाराने त्याला चुंबकाची शीट दाखवली. लोखंडी दाराला ती चिकटते, शोरूमच्या कामाला जाताना काढून ठेवता येते. तिचे तोटेही त्याने लपवले नाहीत. आठवड्यातून एकदा काढून खालची धूळ पुसली नाही तर रंगावर डाग पडतो, पाणी अडकून गंज धरतो, आणि हायवेला वेगात कोपरा उचलला तर शीट उडून जाते. त्याने शीट घेतली. माझ्या मते त्याने बरोबर केलं, कारण दोन मालकांची कामं करणाऱ्या माणसाला दोन चेहरे लागतात आणि त्यात काही खोटेपणा नाही. पण स्वतःची कामं वाढली की त्याने दारावर पक्कं नाव काढून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

फोन कोणाला लागतो

असं वाटण्याचं कारण एका केटररकडे कळलं. त्याच्याकडे तीन टेम्पो आहेत आणि चालक पगारी. नाव टाकल्यावर पहिल्या महिन्यात आलेले बरेचसे फोन ऑर्डरचे नव्हते: तुमची गाडी आमच्या फाटकासमोर उभी आहे, तुमच्या माणसाने कट मारला, तुमचा टेम्पो परमिट रूमबाहेर दुपारपासून आहे. चालक वैतागले. मालकाने आधी फोन टाळले, मग घ्यायला सुरुवात केली. फाटकासमोरची गाडी पाच मिनिटांत हलू लागली. चालकांशी त्याने ठरवून घेतलं की तक्रार आली तर आधी त्यांचं ऐकून घेणार, कारण चूक कधी फोन करणाऱ्याचीही असते. हे महत्त्वाचं आहे. नाव मालकाचं असतं, शिव्या चालक खातो.

नंबरप्लेटवरून पोलीस मालकापर्यंत पोचतात. शेजाऱ्याला पोचता येतं ते दारावरच्या फोनवरून. म्हणून ज्या गाड्यांमुळे रस्त्यावर सर्वात जास्त भीती वाटते त्या डंपर आणि पाण्याच्या टँकरांवर मोठ्या अक्षरांत नाव आणि चालू फोन असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. आज त्यांच्या कुशीवर मालकाचं नाव आणि वजनाचे आकडे इतक्या बारीक अक्षरांत असतात की चिखलाखाली ते वाचता येत नाहीत. शाळेच्या बसवर ‘स्कूल बस’ लिहायची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये केली, तेव्हा त्यामागे हाच विचार होता की पाहणाऱ्याला गाडी कोणाची आणि कशाची ते कळावं.

त्याच केटररने मागे एक टेम्पो विकला. घेणाऱ्याने नाव काढलं नाही. उलट नाव गावात माहीत आहे, राहू दे, म्हणाला. पुढे काही महिने वाळू सांडल्याच्या, आरसा तोडल्याच्या तक्रारी जुन्या मालकाच्या फोनवर येत राहिल्या. नोंदणीही बरेच दिवस त्याच्याच नावावर पडून होती. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. ते झालं नाही, तर अपघाताची भरपाई नोंदणीवरच्या मालकाच्या गळ्यात येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. आता गाडी विकताना तो आधी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सह्या करून घेतो आणि ते आरटीओत गेल्याची पावती पाहतो. मग स्वतः टेम्पो नाना पेठेत आणून अक्षरं सोलून घेतो. विनाइलखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे नाव काढल्यावरही दारावर ते गडद उमटून राहतं, लांबून नीट वाचता येतं. त्यावर तो रंगाचा एक हात मारून घेतो, खर्च स्वतः सोसतो, आणि त्यानंतरच किल्ली देतो.